काही शहरांत एवढे खून का होतात, आणि नदीपलीकडच्या शहरात का नाही?

त्रिज्या
२०१० साल घ्या. मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेजमध्ये त्या एका वर्षात तीन हजारांहून जास्त खून झाले. रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं एल पासो आहे, तिथे त्याच वर्षी पाच. पाचशे नव्हे, पाच. एल पासोची वस्ती ह्वारेजच्या साधारण निम्मी, पण त्याने काय फरक पडतो? दोन्हीकडे तेच वाळवंट, तोच उन्हाळा, बहुतेक लोक मेक्सिकन वंशाचे, कितीतरी कुटुंबांचे नातेवाईक दोन्ही काठांवर. बंदूक विकत घेणं तर टेक्सासातच सोपं.

त्याहून मला खटकतं ते असं, की खुद्द ह्वारेजमध्ये २००७ साली साधारण तीनशे खून झाले होते. तीन वर्षांत दहापट, आणि २०१२ पर्यंत पुन्हा साडेसातशेच्या आसपास. माणसांचा स्वभाव, संस्कार, गरिबी, शाळा, यातलं काहीच एवढ्या वेगाने वर-खाली होत नाही. मग काय होतं?

माझा अंदाज असा, की भांडण झालं तर ते न्यायचं कुणाकडे, या प्रश्नाला त्या शहरात उत्तर आहे की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. पोलीस-कोर्ट असो, नाहीतर एखादा डॉन. उत्तर एकच असलं की खून कमी. उत्तरं दोन-तीन झाली की प्रेतं पडतात. ह्वारेजमध्ये त्या काळात दोन टोळ्या सीमेवरच्या वाटेसाठी भांडत होत्या, आणि मध्ये लष्कर उतरलं होतं.

यावर मतं हवी आहेत. "तिथले लोकच तसले" हे सोडून.

सरळरेषा
एवढं गूढ काय आहे त्यात? गरिबी आणि बेकारी. रिकामी पोटं आणि रिकामे हात. बाकी सगळं शोभेचं विश्लेषण.

त्रिज्या
@सरळरेषा, मग कोलकात्याचं काय करायचं? तिथे पोलिसांच्या नोंदीत वर्षाला शंभरही खून नसतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये २०२० साली अडीचशेहून जास्त झाले, आणि तिथली वस्ती जेमतेम तीन लाख. सेंट लुईसचा गरीब माणूस कोलकात्याच्या गरीब माणसापेक्षा कितीतरी पैसे राखून असेल.

भाजक
थांबा थांबा. सेंट लुईसचं नाव आलं म्हणून माझ्या आवडीचा मुद्दा घुसडतो.

खुनाचा दर म्हणजे एक लाख लोकांमागे वर्षाला किती खून. जगाची सरासरी २०२१ मध्ये ५.८ होती, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. सेंट लुईसचा २०२० मधला दर ८७ च्या आसपास. भयंकर आकडा. पण हे शहर १८७६ साली आपल्या काउंटीपासून (म्हणजे जिल्ह्यापासून) कायद्याने वेगळं झालं आणि तेव्हाच त्याची हद्द गोठली. पुढे पैसेवाली, बरी परिस्थिती असलेली माणसं हद्दीबाहेर राहायला गेली. महानगर म्हणून पाहिलं तर वस्ती अठ्ठावीस लाखांच्या घरात, पण भागाकार होतो तो मधल्या तीन लाखांनी. उलट ह्यूस्टन आजूबाजूची उपनगरं गिळत वाढत गेलं, आज त्याचं क्षेत्रफळ सेंट लुईसच्या दहापट आहे. तिथले वाईट मोहल्ले कमी वाईट नाहीत, फक्त शांत उपनगरांत मिसळून गेलेत. बॉल्टिमोरचंही तेच, १८५१ पासून काउंटीपासून अलग.

"सर्वाधिक खुनी शहरं" अशा याद्या दरवर्षी फिरतात त्या वाचताना आधी नकाशा उघडा. निम्म्या वेळा यादी गुन्ह्याची नसते, नगरपालिकेच्या हद्दीची असते.

बोलघेवडा
म्हणजे सेंट लुईसमध्ये सगळं आलबेल आहे असं म्हणायचंय? :)

भाजक
नाही हो. मेलेली माणसं मेलीच आहेत. क्रमांकावर भरवसा ठेवू नका एवढंच. आणि अंशही तितकाच लबाड असतो. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्यांची संख्या २०२२ साली एक लाखाच्या वर गेली. प्रेत सापडलं नाही तर तो खून नाही, "बेपत्ता". एखाद्या शहरात खून एकदम कमी झाले तर आधी हे बघायचं, की माणसं मरायची थांबली की सापडायची थांबली.

शेवटचा बाक
+१. शेवटचं वाक्य जबरी.
वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सरळरेषा
ठीक, नुसती गरिबी नाही म्हणू. पण विषमता? शेजारी महाल आणि मागे झोपडी, असं जिथे आहे तिथे दर जास्त असतो हे तरी खरं ना? लॅटिन अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका, जगातले सर्वात विषम भाग, आणि खुनातही तेच पुढे.

त्रिज्या
ते बऱ्याच अंशी खरं आहे. संशोधकांनी देशोदेशीचे आकडे लावून पाहिलेत, विषमता आणि खून यांची जोडी वारंवार सापडते. पण ती जमीन झाली, ठिणगी नव्हे. इक्वाडोर बघा. २०१९ मध्ये देशाचा दर सातच्या आसपास होता, शेजारच्या कोलंबियाच्या तुलनेत शांत मानला जायचा. २०२३ मध्ये पंचेचाळीसच्या आसपास. चार वर्षांत विषमता सहापट झाली का?

झालं असं, की ग्वायाकिल हे तिथलं बंदर. जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा हा देश, आणि केळ्यांच्या कंटेनरमधून युरोपला कोकेन जातं. कोलंबियात २०१६ ला फार्क बंडखोरांशी करार झाल्यावर जुन्या वाटांचे मालक बदलले. तरीही तोवर इक्वाडोरमध्ये लोस चोनेरोस नावाच्या टोळीचा वरचष्मा होता. डिसेंबर २०२० मध्ये तिचा म्होरक्या मारला गेला, टोळीची शकलं झाली, आणि शकलं एकमेकांवर उठली. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्वायाकिलच्या एकाच तुरुंगात शंभराहून जास्त कैदी कापले गेले. रस्त्यावरचे आकडे त्याच्या मागोमाग.

निखारा
म्हणजे तुमचं म्हणणं, एकच मोठा गुंड असला तर शहर सुखी? ऐकायला फार बरं वाटतंय, पण जरा सांभाळून.

त्रिज्या
सुखी म्हणालो नाही. खून कमी, एवढंच म्हणालो. खंडणी तशीच राहते, दहशतही.

ब्राझीलमधल्या साओ पावलोचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दर पन्नासच्या वर होता, पुढच्या दशकभरात दहाच्या आसपास आला. सरकार म्हणतं पोलीस सुधारले, २००३ चा शस्त्रबंदी कायदा आला. लोकसंख्येतलं तरुणांचं प्रमाणही घटलं होतं. पण त्या वस्त्यांत राहून काम केलेले अभ्यासक वेगळंच सांगतात. १९९२ मध्ये कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले, आणि पुढच्या वर्षी तुरुंगातच पीसीसी ही संघटना जन्मली. तिने हळूहळू वस्त्यांवर ताबा मिळवला आणि नियम केला: परवानगीशिवाय कुणी कुणाला मारायचं नाही. उधारी बुडवली, बायकोवरून भांडण झालं, भावाला कुणी मारलं, सगळं त्यांच्या "न्यायालयात". फोनवरून सुनावण्या चालायच्या. शिक्षा क्रूर, पण भावाचा बदला, मग बदल्याचा बदला, ही साखळी तुटली.

कोलंबियातल्या मेदेयिनमध्येही तेच उलटसुलट दिसतं. १९९१ मध्ये तिथला दर ३८० च्या आसपास होता. तिथला कोकेनसम्राट एस्कोबार १९९३ च्या डिसेंबरमध्ये मेला. पुढे दोन हजारच्या दशकात डॉन बेर्ना या एका माणसाच्या हुकमाखाली शहर शांत झालं, आणि महापौरांचे, केबल कारचे, वाचनालयांचे जगभर कौतुकसोहळे झाले. २००८ ला बेर्नाला अमेरिकेच्या हवाली केलं. २००९ पर्यंत खून दुपटीच्या वर. केबल कार चालूच होती.

नकाशेवाला
केबल कारवर एवढे घसरू नका. ती बांधल्यावर त्या त्या मोहल्ल्यातली हिंसा इतर तशाच मोहल्ल्यांपेक्षा जास्त घटली, असा अभ्यास आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

माझा मुद्दा वेगळा आहे. "शहराचा खुनाचा दर" ही कल्पनाच फसवी. शहर खून करत नाही, काही कोपरे करतात. बॉस्टनचा जवळजवळ तीस वर्षांचा हिशोब मांडलेला आहे: एकूण गोळीबारांपैकी ७४ टक्के घटना पाच टक्क्यांहून कमी कोपऱ्यांवर आणि रस्त्यांच्या तुकड्यांवर घडल्या. शिकागोत माणसांचं जाळं काढून पाहिलं, कोण कुणाबरोबर पकडला गेला होता ते. गोळी लागून वाचलेल्यांपैकी ७० टक्के लोक शहराच्या सहा टक्क्यांहून कमी लोकांच्या जाळ्यात सापडले. त्या जाळ्याबाहेरच्या शिकागोकराचं आयुष्य एखाद्या युरोपीय शहरातल्या माणसासारखं आहे, आणि आतल्या पोराचं युद्धभूमीवरच्या शिपायासारखं.

म्हणून दोन शहरांत फरक असतो तो सगळ्या शहरभर नसतोच. हे जाळं किती मोठं, आणि आतली माणसं किती सहज ट्रिगर दाबतात, एवढाच असतो.

अपघातविभाग
मी शल्यविभागात काम करते. इथे एका गोष्टीचा उल्लेखच नाही, म्हणून लिहिते आहे.

खून आणि खुनाचा प्रयत्न यांत पुष्कळदा फरक असतो तो आमच्या टेबलापर्यंत पोचायच्या वेळेचा. हेतू तोच, हत्यार तेच. २००२ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हिशोब मांडला की १९६० नंतर वैद्यकीय सेवा सुधारल्या नसत्या तर तिथले खून काही पटींनी जास्त दिसले असते. म्हणजे "१९६० पेक्षा खून फारसे वाढले नाहीत" हे वाक्य समाजाबद्दल कमी आणि रक्तपेढीबद्दल जास्त सांगतं.

गंमत बघा (गंमत कसली). जखमीला पहिल्या तासात उपचार मिळायलाच हवेत, ही कल्पना जगभर नेणारे डॉ. काउली बॉल्टिमोरचे. तिथलं आघात-उपचार केंद्र नामांकित आहे. तरीही २०१५ ते २०२२ दरवर्षी बॉल्टिमोरमध्ये तीनशेहून जास्त खून झाले. ते केंद्र नसतं तर आकडा किती असता याचा विचार करा. फिलाडेल्फियात पोलीस रुग्णवाहिकेची वाट न पाहता गोळी लागलेल्याला गाडीत घालून थेट रुग्णालयात आणतात. आणि शिकागोच्या दक्षिण भागात १९९१ पासून पंचवीसहून जास्त वर्षं प्रौढांसाठी असं केंद्रच नव्हतं, २०१८ ला पुन्हा सुरू झालं. जिथे गोळ्या चालतात, तिथूनच रुग्णालय लांब.

हत्याराचंही तेच. चाकूने भोसकलेला बऱ्याचदा वाचतो. गोळीने, आणि त्यातही एकाऐवजी सात गोळ्या लागलेला, कमी वेळा. नव्वदच्या सुमारास लंडनमध्ये चोऱ्या-घरफोड्या न्यूयॉर्कपेक्षा कमी नव्हत्या, पण न्यूयॉर्कमध्ये माणसं कितीतरी पटींनी मरत होती. गुन्हेगार जास्त म्हणून नव्हे, हातात काय होतं म्हणून.

बोलघेवडा
डॉक्टर, मग एल पासो? टेक्सासात घरोघरी बंदुका आणि खून पाच.

अपघातविभाग
बंदूक भांडण लावत नाही. झालेलं भांडण प्राणघातक करते. एल पासोत बंदूक आहे, भांडणं कमी. ह्वारेजमध्ये दोन्ही, आणि तिथल्या बंदुका बऱ्याच प्रमाणात नदीच्या अमेरिकेकडच्या बाजूनेच जातात.

मुक्काम पोस्ट
(प्रतिसाद काढून टाकला आहे)

निखारा
ग्लासगो विसरू नका. तिथे बंदुका नव्हत्याच, चाकू होते, तरी या शतकाच्या सुरुवातीला ते युरोपची खुनांची राजधानी म्हणून बदनाम होतं. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायचं ठरवलं. टोळीतल्या पोरांना कोर्टात बोलावलं, कैदी म्हणून नव्हे. एका बाजूला पोलीस, "पुढचा वार झाला की अख्ख्या टोळीमागे लागू." दुसऱ्या बाजूला पोराला गमावलेली आई. आणि बाहेर पडायचं असेल तर हा फोन नंबर. २००४-०५ मध्ये अख्ख्या स्कॉटलंडमध्ये १३७ खून झाले होते, अलीकडे वर्षाला साठच्या आत.

युक्ती मूळची बॉस्टनची. तिथे १९९० मध्ये १५२ खून झाले होते, १९९९ मध्ये ३१. मग अधिकारी बदलले, कार्यक्रम गुंडाळला, आणि काही वर्षांत आकडा सत्तरच्या पुढे. यश मिळालं की पैसे बंद करायचे ही पद्धत सगळीकडे सारखीच दिसते.

सरळरेषा
एवढी मनधरणी कशाला? एल साल्वादोर बघा. २०१५ मध्ये दर शंभरच्या वर, २०२३ मध्ये सरकारी आकडा २.४. मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लावली, टोळीवाले उचलले, तुरुंगात टाकले, संपला विषय. बाकी सगळे चर्चा करतात, तिथल्या राष्ट्राध्यक्ष बुकेलेने करून दाखवलं.

भाजक
@सरळरेषा, मधले आकडे गाळलेत तुम्ही. २०१५ मध्ये १०३ च्या आसपास, २०१९ मध्ये चाळिशीच्या आत, २०२१ मध्ये १८ च्या आसपास. म्हणजे आणीबाणीच्या आधीच ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरण झालेली होती. ती कशी झाली? अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले, टोळ्यांशी गुप्त वाटाघाटी केल्याच्या आरोपावरून. सरकार नाकारतं. २०१२ मध्ये आधीच्या सरकारच्या काळात उघड तह झाला तेव्हाही खून निम्म्यावर आले होते, आणि तो मोडल्यावर २०१५ उजाडलं.

सरळरेषा
तरी १८ वरून २.४ वर आला ना? तिथली माणसं रात्री घराबाहेर पडायला लागली. त्यांना विचारा तुमच्या आलेखांबद्दल.

त्रिज्या
आला, आणि ते मी नाकारत नाही. तिथली लोकप्रियताही खोटी नाही. ऐंशी हजारांहून जास्त लोक आत आहेत, साठ-बासष्ट लाखांच्या देशात. त्यात निरपराध किती, हे ठरवायला बहुतेकांचे खटलेच झालेले नाहीत. माझ्या मूळ मुद्द्यात मात्र हे बसतं: आधी तीन सत्ता होत्या, एमएस-१३ ही टोळी, बारियो १८ या टोळीचे दोन गट, आणि वर सरकार. म्हणजे चारच म्हणा. आता एक आहे. ती एकच सत्ता उद्या कुणाला जबाबदार राहील, हा खुनाच्या दराचा प्रश्न नाही, पण प्रश्न आहे.

इक्वाडोरने जानेवारी २०२४ मध्ये तोच कित्ता गिरवला. टोळ्यांना दहशतवादी ठरवलं, लष्कर रस्त्यावर आणलं. पहिल्या वर्षी आकडा थोडा खाली आला, २०२५ मध्ये पुन्हा उसळला. कोकेनचं बंदर असलेल्या देशात आणि खंडणीवर जगणाऱ्या टोळ्यांच्या देशात एकच औषध चालेल असं नाही.

कुजबूज
सगळे टोळ्या, बंदरं आणि डॉन यावर बोलताय. जगात खून होणाऱ्यांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पुरुष आहेत, मान्य. पण ज्या बायका मारल्या जातात त्यांतल्या निम्म्याहून जास्त नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरच्याच कुणाच्या हातून. या खुनांना बंदर लागत नाही.

आणि हा आकडा शहराशहरांत त्या मानाने फार हलत नाही. टोळीयुद्ध थांबलं की पुरुषांचे खून धाडकन खाली येतात, घरातले तिथेच राहतात. म्हणून ज्या शहरांना आपण सुरक्षित म्हणतो, तिथे मारल्या गेलेल्यांत बायकांचा वाटा मोठा दिसतो. त्रिज्या, तुमचा "भांडण न्यायचं कुणाकडे" हा प्रश्न इथे लावा बरं. सगळ्यात शांत शहरातल्या बाईकडे तरी याचं उत्तर असतं का?

त्रिज्या
फार थोड्या ठिकाणी असतं. माझी मांडणी रस्त्यावरच्या खुनांपुरती आहे, घराला ती पुरत नाही.

शेवटचा बाक
अवांतर: चौदाव्या शतकातल्या ऑक्सफर्डचा दर, जुन्या चौकशीच्या दफ्तरांवरून, लाखामागे साठ ते पंचाहत्तर निघतो. मारेकरी कोण? बहुतांश विद्यार्थी. तरुण पुरुष, हत्यार, दारू, पोलीस नाहीत. कोकेनचं बंदरही नव्हतं. :)

नकाशेवाला
दारूवरून आठवलं, ब्राझीलमध्ये दियादेमा नावाचं औद्योगिक शहर आहे. २००२ मध्ये तिथे बार रात्री ११ ला बंद करायचा कायदा झाला आणि खून झपाट्याने उतरले. कोलंबियातल्या बोगोटात १९९५ च्या अखेरीस रात्री १ वाजता बंद. कोलंबियातल्याच काली या शहराचा तेव्हाचा महापौर गेरेरो हा साथरोगतज्ज्ञ. त्याने आधी खून कोणत्या वारी, किती वाजता होतात ते मांडलं, आणि पगाराच्या व सुट्टीच्या दिवसांत बंदूक बाळगायला बंदी घातली. त्या दिवसांत खून सुमारे १४ टक्के कमी झाले. कोकेनच्या राजधानीत!

सरळरेषा
आणि पेट्रोलमधल्या शिशाचं काय? कुठेतरी वाचलं होतं की शिसं काढलं आणि वीस वर्षांनी गुन्हे घटले.

भाजक
त्यात तथ्य असावं, शिशाने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो यात वाद नाही. पण देशभर एकाच वेळी काढलेलं शिसं शहराशहरांतला फरक कसा सांगणार? न्यूयॉर्क १९९० मध्ये २,२४५ खुनांवरून २०१७ मध्ये २९२ वर आलं, बॉल्टिमोर त्याच काळात तिथल्या तिथे घुटमळत राहिलं. पेट्रोल दोघांचं एकच.

त्यापेक्षा मी खुनी सापडतो का ते बघेन. अमेरिकेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला नव्वद टक्क्यांच्या आसपास खुनांचा छडा लागायचा, २०२० च्या सुमारास निम्म्यांचा. जपानात पंचाण्णव टक्क्यांहून जास्त. भावाचा मारेकरी समोरच्या गल्लीत मोकळा फिरताना दिसला की पोरगं काय करणार?

निखारा
यावर त्रिज्यांच्या 'भांडण न्यायचं कुणाकडे' या मुद्द्याशी सहमत व्हावं लागतंय, नाइलाजाने. साक्षीदार बोलत नाहीत म्हणून खुनी सुटतात, आणि खुनी सुटतात म्हणून साक्षीदार बोलत नाहीत.

बोलघेवडा
@अपघातविभाग, एक प्रश्न. पोलिसांचे आकडे हद्दीने बिघडतात, प्रेतं लपवतात, आणि जो वाचतो तो मोजलाच जात नाही. मग मोजायचं कसं?

अपघातविभाग
रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये शेपर्ड नावाच्या शल्यचिकित्सकांच्या लक्षात आलं की मारामारीत जखमी होऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग जखमीचा केसपेपर काढतानाच तीन प्रश्न विचारायला सुरुवात झाली: कुठे, किती वाजता, कशाने. नाव पोलिसांना द्यायचं नाही, फक्त जागा, वेळ, हत्यार. त्यावरून पोलिसांनी गस्त हलवली, पबमध्ये चटकन न फुटणारे ग्लास आले. तशाच इतर शहरांच्या तुलनेत हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणारे ४२ टक्क्यांनी कमी झाले, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार. खर्च म्हणाल तर खिडकीवरच्या माणसाचं एखादं मिनिट. अडचण वेगळीच येते, गर्दीच्या रात्री तो रकाना रिकामा राहतो, आणि नेमकी तीच रात्र मोजायची असते.